सोमवारी कान्हेरी आणि दशमीच्या दुपारी खाडी

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सोमवारी बंद असते आणि म्हणून कान्हेरीची लेणीही सोमवारी बंद असतात. बोरिवली स्टेशनबाहेरच्या कोणत्याही रिक्षावाल्याला विचारले असते तरी त्याने सांगितले असते. तरीही नाताळच्या सुट्टीत आमच्या कॉलेजच्या इतिहास विभागाने हिवाळी सहल काढली ती सोमवारी, आणि तिचे पहिलेच ठिकाण ठेवले कान्हेरी. दोन दिवसांची ‘स्थानिक वारसा व निसर्ग सहल’, ४६ मुले-मुली, प्रत्येकी १,८५० रुपये, मुक्काम नाही, संध्याकाळी ज्याने त्याने आपापल्या घरी जायचे. त्या दोन दिवसांत आम्हाला काय दाखवले, हे आठवले की आजही माझे डोके तापते. ज्यांनी ही सहल आखली त्यांनी भिंतीवरचे कॅलेंडर एकदाही पाहिले नाही, आणि त्याची किंमत मात्र आमच्या आईबापांच्या खिशातून गेली.

सकाळी सातला ठाणे स्टेशनच्या पश्चिमेला जमायचे होते. कसारा आणि शहापूरकडून येणाऱ्या मुली पहाटे चारला उठून, थंडीत कुडकुडत, पावणेसातलाच येऊन उभ्या राहिल्या होत्या. बस आली आठ वाजून दहा मिनिटांनी. त्यानंतर घोडबंदर रोड. ज्याला ठाण्यात राहून घोडबंदर रोडची सकाळ ठाऊक नाही असा माणूस मला अजून भेटलेला नाही, पण टूरवाल्याने जणू तो रस्ता कधी पाहिलाच नव्हता. कंटेनरच्या रांगेत, गायमुखच्या घाटात इंचाइंचाने सरकत, दोन मुलींना उलट्या होत असताना आम्ही पावणेअकराला उद्यानाच्या दारात पोहोचलो. दार बंद. पहारेकऱ्याने आमच्याकडे, मग बसकडे, मग बसवर बांधलेल्या फलकाकडे पाहिले आणि अगदी शांतपणे सांगितले, “आज सोमवार आहे ना.” त्याच्या आवाजात चीड नव्हती, कीव होती. टूरवाल्याचा माणूस फोन कानाला लावून पंधरा मिनिटे येरझारा घालत राहिला. आमच्या सरांनी तेवढ्या वेळात कॉलेजचा कापडी फलक उलगडायला लावला, आम्हा सगळ्यांना बंद दारासमोर दोन रांगांत उभे केले आणि जिओटॅगवाला फोटो काढून घेतला. मूल्यांकनाच्या फायलीत लावण्यासाठी स्थळ, तारीख आणि वेळ दिसेल असा फोटो हवा असतो. तो मिळाला. लेणी नाही मिळाली.

काय हुकले, ते सांगितल्याशिवाय माझा राग कुणाला कळणार नाही. कान्हेरीच्या डोंगरात शंभराहून अधिक लेणी आहेत. तिथल्या ब्राह्मी शिलालेखांत दान देणाऱ्यांची नावे आहेत आणि त्यांत कल्याणचे व्यापारी आहेत. ज्या कल्याणहून आमच्या वर्गातली निम्मी मुले रोज लोकलला लोंबकळत येतात, त्याच कल्याणचे. तिथे खडकात खोदलेली पाण्याची पोढी आहेत, पावसाचे पाणी त्यांत वळवण्यासाठी कोरलेले पन्हळ आहेत. एका लेण्यात अकराव्या शतकातल्या पारशी प्रवाशांनी पहलवी लिपीत कोरून ठेवलेल्या नोंदी आहेत. तृतीय वर्षाच्या स्थानिक इतिहासाच्या पेपरात याच गोष्टींवर प्रश्न येतो आणि आम्ही तो झेरॉक्सच्या नोट्स पाठ करून लिहितो. त्या अक्षरांवरून प्रत्यक्ष बोट फिरवण्याची एक संधी होती आणि ती केवळ वार चुकल्यामुळे गेली.

वार चुकल्यामुळे गेली, असे म्हणतानाही मला थांबावे लागते, कारण वार चुकणार हे त्यांना आधी सांगितलेले होते. सहलीच्या आठ दिवस आधी मी स्वतः विभागाच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर लिहिले होते की सोमवारी उद्यान बंद असते, तेव्हा दोन्ही दिवसांची अदलाबदल करावी. इतका साधा उपाय होता. त्यावर सरांनी उत्तर दिले, “ते टूरवाले बघतील, त्यांना अनुभव आहे.” अर्ध्या तासाने ग्रुपची सेटिंग बदलली गेली आणि तेव्हापासून तिथे फक्त अॅडमिनलाच लिहिता येते. विद्यार्थ्याने चूक दाखवली की चूक दुरुस्त करायची नाही, विद्यार्थ्याचे तोंड बंद करायचे, ही रीत मी तीन वर्षे पाहते आहे आणि दर वेळी ती मला नव्याने बोचते.

मग उरलेला सोमवार कुठे गेला? बस त्याच घोडबंदर रोडने परत फिरली आणि ठाण्यातल्या एका मॉलच्या तळघरात उभी राहिली. चार तास आम्हाला ‘मोकळा वेळ’ दिला. जेवण सहलीच्या पैशांत होते असे आधी सांगितले होते, प्रत्यक्षात एकेक वडापाव आणि पाण्याची बाटली हातात आली. अंबरनाथचे शिवमंदिर ठाण्याहून लोकलने तासाभरात गाठता येते, तिथे तिकीटही लागत नाही. शके ९८२ चा, म्हणजे इसवी सन १०६० चा लेख असलेले ते शिलाहार राजांचे मंदिर आहे, आणि याच शिलाहारांच्या काळात ठाणे श्रीस्थानक म्हणून ओळखले जात होते. दुपारचे तीन वाजलेले नव्हते, दिवस हातात होता. मी सुचवले. “परवानगी यादीत नाही,” असे सांगण्यात आले. मॉल कोणत्या यादीत होता, हे विचारल्यावर मात्र कुणी उत्तर दिले नाही.

मंगळवारचा अनुभव याहून वाईट, कारण मंगळवारी त्यांनी मला माझ्याच दारात नेऊन फसवले. मी ऐरोलीच्या दिवागावची. आमचे घर खाडीचे. आजोबांची होडी होती, चुलत्यांचे जाळे अजून ओट्यावर वाळत असते. ठाणे खाडीचे फ्लेमिंगो अभयारण्य २०१५ साली जाहीर झाले, २०२२ साली त्याला रामसर, म्हणजे पाणथळ जागांसाठीचा आंतरराष्ट्रीय दर्जा मिळाला, पण त्याच्या कितीतरी आधीपासून रोहित पक्षी थंडीत येतात हे आमच्या घरात लहान पोरालाही ठाऊक आहे. सहलीच्या दुसऱ्या दिवशी ऐरोलीच्या जैवविविधता केंद्रातून बोटीने खाडीत नेऊन पक्षी दाखवणार, असे पत्रकात ठळक अक्षरांत छापले होते, आणि खरे सांगायचे तर कान्हेरी हुकल्यानंतरही मी या एका गोष्टीवर आस लावून होते. वर्गातल्या मैत्रिणींना माझी खाडी दिसणार होती.

खाडीत बोट जाते ती भरतीच्या पाण्यावर. घड्याळाच्या सोयीने खाडी भरत नाही, रोजची भरती आदल्या दिवसापेक्षा जवळपास पाऊण तास पुढे सरकते. माझी आजी चौथीपर्यंत शिकलेली आहे. तिला कोणतेही अॅप लागत नाही. ती भिंतीवरच्या कालनिर्णयात तिथी बघते आणि तिथीच्या आकड्याची पाऊणपट करते, की भरतीची वेळ हाताशी. त्या मंगळवारी पौष शुद्ध दशमी होती. दहाची पाऊणपट साडेसात. म्हणजे सकाळी साडेसातच्या सुमारास भरती आणि तिथून सहा तासांनी, दुपारी दीडच्या आसपास, पूर्ण सुकती, म्हणजे ओहोटी. त्यात दशमी म्हणजे भांगाचे दिवस, पाणी तसेही फार चढत नाही. सहलीचे वेळापत्रक मी आजीला वाचून दाखवले तेव्हा तिने तांदूळ निवडता निवडता मान वर केली आणि विचारले की दीड वाजता तुम्हाला चिखल दाखवायला आणणार आहेत का. मी सोमवारी संध्याकाळी बसमधून उतरताना हेही सरांना सांगितले. त्यांनी मान हलवली आणि काहीच केले नाही.

मंगळवारी सकाळी मी ऐरोलीहून उलटी ठाण्याला गेले, कारण सगळ्यांनी ठाण्यातूनच बसायचे असा नियम होता. बस निघाली आणि सव्वाआठला ठाणे-बेलापूर रस्त्याने ऐरोलीवरूनच पुढे गेली. खाडीत तेव्हा पाणी होते. थांबवा, आधी खाडी करू, मग पुढे जाऊ, असे मी जागेवरून उठून म्हटले. टूरवाल्याचा माणूस म्हणाला की पहिला पॉइंट विमानतळ आहे. आणि आम्ही पुढे गेलो.

त्या विमानतळाविषयीही बोलायलाच हवे. २५ डिसेंबर २०२५ पासून नवी मुंबईच्या विमानतळावरून उड्डाणे सुरू झाली आणि लगेच टूरवाल्यांच्या पत्रकांत ‘विमानतळ दर्शन’ आले. दर्शन म्हणजे काय, तर उलव्याच्या बाजूला रस्त्याच्या कडेला बस उभी केली, खिडकीतून लांबवरची इमारत दाखवली, एका विमानाचे शेपूट दिसले, वीस मिनिटे संपली. तिकीट नसलेल्या माणसाला आत प्रवेश नसतो हे न समजण्याइतके आम्ही लहान नाही. पण इतिहासाच्या मुलांना तिथे नेऊन, या जमिनीविषयी एक अक्षर कुणी बोलू नये? नवी मुंबई वसवणारी सरकारी कंपनी सिडको १९७० साली स्थापन झाली आणि ९५ गावांच्या जमिनीवर हे शहर उभे राहिले. त्याच रस्त्याने थोडे पुढे जासई आहे. १६ आणि १७ जानेवारी १९८४ रोजी दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखाली उभ्या राहिलेल्या शेतकऱ्यांवर त्या भागात गोळीबार झाला, पाच जण हुतात्मा झाले, आणि साडेबारा टक्के विकसित जमीन परत देण्याचे तत्त्व त्या रक्तातून आले. या विमानतळाला दिबांचे नाव मिळावे म्हणून २०२१ साली आमच्या गावागावांतली माणसे रस्त्यावर उतरली, त्यांत माझी आई होती. जासई काही मिनिटांच्या अंतरावर असताना बस तिथे वळवली नाही. मी माइक मागितला, दोन मिनिटे बोलते म्हणाले, तर गाण्यांचा पेनड्राइव्ह लावलेला आहे असे कारण मिळाले.

ऐरोलीला आम्ही पोहोचलो दीड वाजायला पाच मिनिटे कमी असताना. आजीने सांगितलेली वेळ, मिनिटाचाही फारसा फरक नाही. धक्क्यापासून दूरवर काळाभोर चिखल पसरलेला, त्यात निवट्या, म्हणजे चिखलातले छोटे मासे, उड्या मारत होत्या, आणि पाण्याची रेघ इतकी लांब गेली होती की तिथे पक्षी आहेत की उन्हाची चमक आहे हे उघड्या डोळ्यांना कळत नव्हते. खिडकीवरच्या माणसाने फळ्यावर लिहिलेली वेळ दाखवली. बोटी सकाळीच सुटून गेल्या होत्या. टूरवाल्याने आगाऊ नोंदणीही केलेली नव्हती, म्हणजे पाणी असते तरी आम्हाला जागा मिळाली असती की नाही कुणास ठाऊक. मोखाड्याहून शिकायला आलेली माझी मैत्रीण कठड्याला टेकून तो चिखल पाहत उभी राहिली आणि मला म्हणाली, “अगं, तुझी खाडी हीच का?” मला रडू आले. लाजेने नाही, संतापाने. फलक पुन्हा उलगडला गेला, फोटो पुन्हा निघाला.

आता पैसे. ४६ जणांचे प्रत्येकी १,८५० म्हणजे ८५,१०० रुपये होतात. शैक्षणिक सहलीसाठी एसटी महामंडळ निम्म्या भाड्यात गाडी देते, त्यासाठी कॉलेजच्या लेटरहेडवर आगारात अर्ज करावा लागतो. ऐरोलीला तर गाडीचीही गरज नव्हती, ट्रान्स हार्बरची लोकल पकडली की दिघा गाव आणि त्यापुढे ऐरोली, दहा मिनिटांचे काम. इतके पैसे नेमके कशावर खर्च झाले याचा हिशेब मी लेखी मागितला आहे आणि मला पावती म्हणून एका ओळीचा कागद मिळाला आहे. जी मैत्रीण संध्याकाळी औषधांच्या दुकानात पाच तास उभी राहून फी भरते, तिने दोन हप्त्यांत पैसे दिले. एक मुलगा पैसे जमले नाहीत म्हणून आलाच नाही आणि आता त्याच्यापुढे इंटर्नलचे दहा गुण जाण्याचा प्रश्न उभा आहे. कारण सहल ऐच्छिक आहे असे पत्रकात छापलेले असले तरी तिच्या अहवालाला दहा गुण ठेवलेले आहेत. न दाखवलेल्या लेण्यांसाठी आणि न सुटलेल्या बोटीसाठी ज्याने पैसे भरले त्याला गुण, आणि ज्याच्याकडे पैसे नव्हते त्याला शून्य, हा कसला न्याय?

काल त्या अहवालाचा नमुना ग्रुपवर आला. पाच पाने, शेवटी दोन्ही फोटो, आणि मधला मजकूर आधीच टाइप केलेला. त्यात ‘कान्हेरी येथील लेण्यांचे निरीक्षण करून विद्यार्थ्यांनी प्राचीन व्यापारी मार्गांची माहिती घेतली’ असे एक वाक्य आहे आणि ‘खाडीतील नौकाविहारातून विद्यार्थ्यांना पक्षिजीवनाचा परिचय झाला’ असे दुसरे. आम्ही फक्त नाव आणि रोल नंबर भरायचा आहे. शुक्रवारपर्यंत मुदत आहे. मी तो नमुना भरणार नाही. माझ्या अहवालात सोमवारचे बंद दार असेल, मॉलमधले चार तास असतील, न वळवलेले जासई असेल, दशमीची पाऊणपट असेल, आणि आजीच्या कालनिर्णयाच्या त्या पानाचा फोटो मी जोडणार आहे. प्राचार्यांकडे पैसे परत मिळण्याचा अर्ज त्याच दिवशी देणार आहे, त्यावर आतापर्यंत ३१ जणांच्या सह्या झाल्या आहेत. न आलेल्या त्या मुलाचे दहा गुण कापू नयेत, ही मागणी आम्ही अर्जात सर्वांत वर लिहिली आहे.