होसोकावांची भुतं जर्मनमध्ये का गातात?

तोशिओ होसोकावा या जपानी संगीतकाराचा विषय निघाला की एक शेरा हमखास येतो: "त्यांना मोठं केलं ते युरोपनं." बोलण्याचा सूर असा, की गृहस्थांनी जपानीपण बांधून नेलं आणि जर्मनीत दुकान थाटलं. यातलं अर्धं मला मान्य आहे. उरलेल्या अर्ध्यावर भांडायचंय, म्हणून ही लांबलचक पोस्ट.

होसोकावांचा जन्म १९५५ चा, हिरोशिमातला. आई कोतो हे जपानी तंतुवाद्य वाजवायची, आजोबा इकेबाना, म्हणजे जपानी पुष्परचना शिकवायचे. मुलाला मात्र हे सगळं कंटाळवाणं वाटायचं, त्याला मोझार्ट-बेथोवेन हवे होते. १९७६ मध्ये ते पश्चिम बर्लिनला गेले आणि इसांग युन यांच्याकडे शिकू लागले. हे युन कोरियन संगीतकार. १९६७ मध्ये दक्षिण कोरियाच्या गुप्तचर यंत्रणेनं त्यांना पश्चिम बर्लिनमधून उचलून नेलं, तुरुंगात डांबलं. स्ट्राविन्स्की, कारायान, लिगेटी अशा मंडळींनी आवाज उठवल्यावर १९६९ मध्ये त्यांची सुटका झाली. म्हणजे 'पूर्वेचा माणूस पाश्चात्त्य ऑर्केस्ट्रातून स्वतःचं काय बोलणार' हा प्रश्न ज्यानं अंगावर झेलला होता, असा गुरू होसोकावांना मिळाला. पुढे जर्मनीतल्याच फ्रायबुर्गमध्ये संगीतकार क्लाउस ह्युबर भेटले. त्यांनी सांगितलं, जपानला जा, तुमचं संगीत नीट ऐका. तर गंमत बघा, घरचं संगीत ऐकायला एका स्विस मास्तरांनी घरी धाडलं.

तिथे त्यांना शो सापडला. (स्टेज शो नव्हे, वाद्याचं नाव आहे.) दरबारी गागाकू संगीतातलं हे फुंकवाद्य, बांबूच्या १७ नळ्यांचा जुडगा. श्वास आत घेतानाही वाजतं, बाहेर सोडतानाही, त्यामुळे सूर तुटत नाही, नुसता फुगतो आणि ओसरतो. श्वासाच्या ओलाव्यानं आतल्या पात्या बिघडू नयेत म्हणून वाजवणारा मधूनमधून ते छोट्या शेगडीवर फिरवून शेकून घेतो. मायुमी मियाता या शो-वादक बाईंसाठी होसोकावांनी बरंच लिहिलं. पण मला जास्त महत्त्वाचं वाटतं ते हे, की शो समोर नसतानाही त्यांचा ऑर्केस्ट्रा शोसारखाच श्वास घेतो. व्हायोलिनचा सूर कधी सुरू झाला ते कळत नाही. बासरीतून आधी नुसती हवा येते, मग त्यात सूर धरतो. जपानी वाद्य ऑर्केस्ट्रात शोभेला बसवणं सोपं असतं. इथे ऑर्केस्ट्राचं फुप्फुसच बदललंय.

आता ऑपेरा. 'मात्सुकाझे' हे माझ्या मते त्यांचं सर्वांत पक्कं काम. मूळ नोह (जपानची पारंपरिक मुखवट्यांची नाट्यशैली) नाटक शेकडो वर्षं जुनं. सुमाच्या किनाऱ्यावर खारं पाणी वाहणाऱ्या दोन बहिणी, मात्सुकाझे आणि मुरासामे. राजधानीतून हद्दपार झालेला युकिहिरा दोघींवर जीव लावतो, मग परत जातो. मागे राहतात त्याची टोपी आणि अंगरखा. तो वारल्याची बातमी येते, दोघी झुरून मरतात आणि भूत होऊन तिथेच अडकतात. एका भिक्षूसमोर थोरली तो अंगरखा चढवते आणि पाइनच्या झाडालाच युकिहिरा समजते. बास, एवढीच गोष्ट. ना खून, ना कट. २०११ च्या मे महिन्यात ब्रसेल्सच्या ला मोने नाट्यगृहात हे पहिल्यांदा झालं. नृत्यदिग्दर्शिका साशा वाल्ट्झ यांनी बसवलं होतं, आणि चिहारू शिओता यांनी रंगमंचभर काळ्या दोऱ्याचं प्रचंड जाळं विणलं होतं. दोघी गायिका त्या जाळ्यात उंचावर लटकून गातात. वारा आणि पाणी आधी ऐकू येतं, माणसं नंतर.

आणि त्या गातात जर्मनमध्ये! 'हान्जो' (एक्स-आँ-प्रोव्हान्स, २००४) हे जपानी लेखक मिशिमाच्या नाटकावरचं, पण गायलं गेलं इंग्रजीत. फुकुशिमानंतरचं 'श्टिलेस मेअर' हाम्बुर्गला, २०१६ मध्ये, पुन्हा जर्मन. जर्मन लेखक क्लाइस्टच्या कथेवरून केलेलं भूकंपाचं ऑपेरा श्टुटगार्टला, २०१८ मध्ये. त्यांचं पहिलं ऑपेरा 'व्हिजन ऑफ लिअर' होतं म्युनिक बिएनाले या महोत्सवातलं, १९९८ चं.

टीकाकार इथेच बोट ठेवतात. माझं म्हणणं, बोट योग्य जागी आहे, पण दोष चुकीच्या माणसाला देताय. ऑपेरा एकट्याने घरी बसून लिहिता येतं, उभं करता येत नाही. गायक, कोरस, ऑर्केस्ट्रा, महिनोन् महिने तालमी. त्याचा खर्च कुणीतरी आधी कबूल करावा लागतो. जर्मन नाट्यगृहं मोठ्या प्रमाणात राज्याच्या आणि शहराच्या पैशावर चालतात, ऑर्केस्ट्रा त्यांच्या पगारावर असतो, म्हणून नव्या कामाचा धोका त्यांना परवडतो. टोकियोचं न्यू नॅशनल थिएटर उघडलंच १९९७ मध्ये (इकुमा दान यांच्या 'ताकेरू'नं), आणि त्याला स्वतःचा ऑर्केस्ट्रा आजही नाही. तोरू ताकेमित्सुंसारखा जपानचा सर्वांत नावाजलेला संगीतकार १९९६ मध्ये गेला तो ऑपेरा न लिहिताच, आणि जे ठरलं होतं तेही फ्रान्समधल्या लियाँसाठी. पिकतं तिथं विकत नाही हे जपानलाही लागू. 'मात्सुकाझे' टोकियोला पोहोचायला २०१८ उजाडलं.

उलट बघा, युरोपच्या पैशावर या माणसानं लिहिलं काय? हिरोशिमा, त्सुनामी, समुद्रात हरवलेली मुलं, न सुटलेली भुतं. चेरीची फुलं नि किमोनो हवेत म्हणणाऱ्या गिऱ्हाइकाला हा माल खपणारा नाही.

सगळंच मला आवडतं असं नाही. 'श्टिलेस मेअर'मध्ये शब्द फार आहेत. सुरुवातीच्या तालवाद्यांच्या गडगडाटानं जे सांगून झालं, तेच पात्रं पुन्हा बोलत बसतात. शिवाय सावकाश फुगून फुटणारी ऑर्केस्ट्राची लाट आता इतकी ओळखीची झालीय की कधीकधी ती येणार हे आधीच कळतं. सत्तरीच्या माणसाला सवयी असणारच, पण कौतुक करताना हे झाकायचं कशाला.

२०२५ च्या ऑगस्टमध्ये अखेर न्यू नॅशनल थिएटरनं त्यांना सांगून लिहून घेतलेलं 'नताशा' रंगमंचावर आलं, कझुशी ओनो यांच्या संचालनात. शब्द योको तावादा यांचे, ज्या जर्मनीत राहून जपानी आणि जर्मन दोन्हींत लिहितात. युक्रेनहून आलेली नताशा आणि जपानी आरातो यांना मेफिस्टोचा (फाउस्टच्या गोष्टीतल्या सैतानाचा) नातू नरकांतून फिरवतो: पुराचा नरक, दुष्काळाचा नरक, चक्क धंद्याचा नरकसुद्धा. जपानी, जर्मन, युक्रेनियन एकाच कामात. मायदेशानं बोलावलं तेव्हाही गडी एकाच भाषेत गप्प बसला नाही, हे मला भारी आवडलं.

ऐकायचं असेल तर थेट ऑपेराला हात घालू नका. मियाता यांच्या शोची 'लँडस्केप्स' ही ईसीएम या कंपनीची ध्वनिमुद्रिका आधी लावा, मग हॉर्न कॉन्चेर्तो, मग 'मात्सुकाझे'. हेडफोन चांगला घ्या, मोबाईलच्या स्पीकरवर पहिली दोन-तीन मिनिटं काही वाजतंय की नाही हेच कळणार नाही.