एप्रिलमधला हिरवा डंप: ‘डिचोलीकर’ यांच्या प्रतिक्रियेला उत्तर

नमस्कार डिचोलीकर,

तुमचं म्हणणं असं: गोव्यातल्या खाणींचे डंप, म्हणजे खणून बाहेर टाकलेल्या माती-दगडांचे ढीग, पूर्वी उघडे लालभडक होते, आज उपग्रहाच्या चित्रात ते शेजारच्या रानापेक्षाही हिरवे दिसतात, एनडीव्हीआयचा, म्हणजे उपग्रहाने मोजलेल्या हिरवेपणाचा, आकडाही चढा आहे, तरी ‘जंगल परतलेलं नाही’ म्हणणं हा माझा हेका.

चित्र खरंच आहे. पण ते एप्रिलचं आहे. त्या दिवसांत किंदळ, नाणा, ऐन या रानातल्या झाडांची पानगळ झालेली असते आणि डंपावरचा ऑस्ट्रेलियन अकेशिया मात्र बारमाही हिरवा. एनडीव्हीआय हा लाल आणि अवरक्त प्रकाशाचा हिशेब. पान कुणाचं, याच्याशी त्याला देणंघेणं नाही. पावसाळ्यानंतर रानमोडीचं तण माजलं तरी तो चढतोच. तुमच्या चित्रात रान मागे पडलं ते पानं गाळतं म्हणून! त्याच जागेची ऑक्टोबर, जानेवारी आणि एप्रिलची चित्रं शेजारी ठेवून बघा. रानाचा आकडा खालीवर होतो, अकेशियाचा त्यामानाने स्थिर राहतो.

अकेशियाला मी नावं ठेवत नाही. सुपीक मातीचा पत्ता नसलेल्या भुसभुशीत उतारावर, गोव्यातला पाऊस झेलत तो तग धरतो, मुळांवरच्या गाठींतून नायट्रोजन मिळवतो, धूप रोखायला मदत करतो. डंपाचा गाळ शेतात उतरला की काय होतं, हे डिचोलीच्या माणसाला मी काय सांगणार?

पण जरा त्याच्याखाली जाऊन वाका. कोयत्यासारखी वळलेली तांबूस पानं पायाने सारा. ती लवकर कुजत नाहीत. बऱ्याच जागी त्यांच्याखाली थेट खडी लागते. गवत विरळ. रोपटी दिसलीच तर बहुतेक अकेशियाचीच, आणि आजूबाजूला त्याच्याच वेटोळ्या शेंगा, नारिंगी दोऱ्याला लटकलेल्या काळ्या बिया.

गवताचं खूळ माझं नव्हे. खाणकाम संपल्यावर जमिनीवर पुन्हा गवत रुजवून ती चारा, वनस्पती आणि प्राणी यांच्यासाठी योग्य करा, असं सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी 2020 मध्येच सांगितलंय. ते झालं का, हे उपग्रहचित्रातल्या दहा मीटरच्या पिक्सेलमधून (चित्राच्या एकेका ठिपक्यातून) कळत नाही. त्यासाठी न खणलेल्या रानाचा तुकडा जोडीला घेऊन दोन्हीकडे कमरेखालची रोपटी जातवार मोजावी लागतात, मातीतला सेंद्रिय कर्ब तपासावा लागतो.

‘मग काय सगळे अकेशिया तोडायचे?’ नाही हो. तीव्र उतारावरचे राहू देत. सपाट माथ्यावर पट्ट्यापट्ट्याने विरळणी करा, तिथे किंदळ, कुंभा लावा आणि अकेशियाची नवी रोपं दरवर्षी उपटत राहा.