"सर्वांचं स्वागत आहे" म्हणजे नक्की कुठपर्यंत?

चर्च आणि गे माणसं हा विषय निघाला की गाडी लगेच एकाच प्रश्नावर जाते, हे पाप आहे की नाही. मी त्या वादातून जरा बाजूला झालोय. मला मत नाही असं नाही, मी स्वतः गे आहे आणि विश्वासीही आहे, मत असणारच. पण आता नव्या मंडळीत (म्हणजे नव्या चर्चमध्ये) गेलो की पास्टरना मी दुसरंच विचारतो. मला इथे प्रभूभोजन, म्हणजे उपासनेतली भाकर आणि द्राक्षारस, मिळेल का? क्वायरमध्ये गाता येईल का, संडेस्कूलला शिकवता येईल का? उद्या माझा जोडीदार माझ्या शेजारी येऊन बसला तर चालेल का, आणि तो गेला तर त्याच्या दफनविधीत माझं नाव घेणार की मला "मित्रमंडळी"त ढकलणार? एवढं सांगा, या वादात बायबलमधली जी पुस्तकं पुढे करतात ती, लेवीय आणि रोमकर, नंतर निवांत उघडू.

यावर उत्तर काय मिळतं माहितीये? "ब्रदर, इथे सर्वांचं स्वागत आहे." बस्स. हात हातात घेऊन, अगदी मनापासून हसून. मग तुम्ही खुर्च्या मांडता, प्रॅक्टिसला येता, आजाऱ्यांना भेटायला जाता, लोकं तुमची होतात, आणि मग कधीतरी कमिटीत कोणीतरी विषय काढतं आणि तुम्हाला कळतं की नियम होता, पहिल्या दिवसापासून होता, फक्त तुम्हाला कोणी सांगितला नव्हता.

मला "नाही" ऐकायचा त्रास होतो पण ते ऐकता येतं. कॅथलिक शिकवणीशी माझं अजिबात पटत नाही, पण त्यांच्या कॅटेकिझममध्ये, म्हणजे अधिकृत शिकवणीच्या पुस्तकात, २३५७ ते २३५९ हे तीन परिच्छेद उघड्यावर आहेत, समलिंगी संबंध चूक, माणसाला मात्र आदराने वागवा, अन्यायाने भेदभाव करू नका, आणि अशा माणसाने संयमाने राहावं. १८ डिसेंबर २०२३ ला व्हॅटिकनने जाहीर केलं की फादर समलिंगी जोडप्याला आशीर्वाद देऊ शकतात पण त्याला लग्नाचं रूप द्यायचं नाही, उपासनेतला विधी म्हणून करायचा नाही. आफ्रिकेतल्या बहुतेक बिशपांनी तेवढंही आमच्याकडे नको म्हणून कळवलं. अर्धंमुर्धं आहे, मान्य, पण रेष कुठे मारलीये ते वाचणाऱ्याला दिसतं. युनायटेड मेथडिस्ट या प्रोटेस्टंट पंथाच्या लोकांनी १९७२ मध्ये नियमात लिहिलं की हे ख्रिस्ती शिकवणीशी विसंगत आहे, त्यावर दर अधिवेशनात भांडले, अमेरिकेत ७,६०० च्या वर मंडळ्या सोडून गेल्या, आणि २०२४ मध्ये ते वाक्य मतदानाने काढलं. भांडण वाईटच, पण भांडले ते समोरासमोर.

अँग्लिकन, म्हणजे चर्च ऑफ इंग्लंडच्या परंपरेतल्या, जगभरच्या बिशपांच्या १९९८ च्या लॅम्बेथ परिषदेत ५२६ विरुद्ध ७० मतांनी ठराव झाला की समलिंगी संबंध शास्त्राला धरून नाहीत. त्याच ठरावात हेही आहे की समलिंगी लोकांचे अनुभव आम्ही ऐकून घेऊ. पहिला भाग तोंडपाठ असलेले मला खूप भेटलेत, दुसऱ्याची आठवण काढणारा अजून भेटायचाय.

आता माझ्या एका मित्राचं सांगतो, त्याची परवानगी आहे. तो संडेस्कूलला लहान मुलांना शिकवायचा. चर्च जे म्हणतं ते त्याने अक्षरशः मानलं, जोडीदार नाही, डेटिंग नाही, काही नाही, आयुष्यभर एकटं राहायचं ठरवलं. एका मीटिंगमध्ये त्याने उभं राहून साक्ष दिली, मी गे आहे आणि मी प्रभूसाठी असं जगायचं ठरवलंय. लोकं रडली, मिठ्या मारल्या, आमेन आमेन झालं. त्याच आठवड्यात शनिवारी रात्री व्हॉट्सअ‍ॅप आला, "ब्रदर, या रविवारी तुम्ही आराम करा, मुलांना दुसरं कोणी घेईल." तो तेव्हा टेबलावर नोहाच्या तारवातले प्राणी कापत बसला होता, रंगीत कार्डशीटचे, जोडीजोडीने. दोन जिराफ झाले होते, एक हत्ती झाला होता. त्याने फोन करून विचारलं काय झालं, तर म्हणे आम्हाला काहीच प्रॉब्लेम नाही हो, पण पालकांना काय सांगायचं. तो "या रविवारी" काही संपला नाही.

मला इथेच खरी चीड येते. एकटं राहायची अट त्याने पाळली होती ना? मग अट वागण्यावर होती की असण्यावर? असण्यावर असेल तर तसं लिहा, म्हणजे पोरं एवढा त्याग करायच्या आधी दोनदा विचार करतील.

आणि "देव तुला बदलेल" ही तर सगळ्यात लपवलेली अट. अमेरिकेत एक्झोडस इंटरनॅशनल नावाची संस्था १९७६ पासून हेच सांगत होती. तिचे प्रमुख अ‍ॅलन चेंबर्स २०१२ मध्ये स्वतःच म्हणाले की त्यांना भेटलेल्या ९९.९ टक्के लोकांचा कल बदलला नाही, २०१३ मध्ये त्यांनी माफी मागितली आणि संस्था बंद केली. तरी अजून कोणी ना कोणी कानात सांगतंच, ब्रदर, उपास-प्रार्थना करून बघितली का. अहो, बघितली. तुमच्यापेक्षा जास्त बघितली.

बाय द वे, मनातून सोबत असलेले पास्टरही मी बघितलेत. खाजगीत पाठीवर हात, पुलपिटवरून गप्प. त्यांची नोकरी, राहतं घर, मुलांची शाळा सगळं चर्चवर असतं हे मला कळतं. पण त्यांच्या गप्प राहण्याचा हिशोब दुसऱ्याच कोणालातरी भरावा लागतो, बहुतेक वेळा त्यांच्याच युथ ग्रुपमधल्या सतरा-अठरा वर्षांच्या पोराला.

बायबलमधल्या प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाच्या ८व्या अध्यायातला कूशी (कूश देशाचा) षंढ आठवतो मला. तो गे होता असं मी म्हणत नाहीये, उगाच कमेंटमध्ये त्यावर येऊ नका. पण बायबलच्याच अनुवाद नावाच्या पुस्तकातल्या २३व्या अध्यायाप्रमाणे त्याच्यासारख्याला परमेश्वराच्या मंडळीत यायलाच बंदी होती, आणि यशया या पुस्तकाचा ५६वा अध्याय त्याच षंढांना देवाच्या घरात मुलामुलींहून मोठं नाव देतो. दोन्ही वचनं शास्त्रातच. त्याने रथातून सरळ विचारलं, हे बघ पाणी, मला बाप्तिस्मा घ्यायला काय अडचण आहे? त्याला येशूबद्दल सांगणारा फिलिप्प कमिटीला विचारून कळवतो म्हणाला नाही, दोघं खाली पाण्यात उतरले.

तर पास्टर, वडीलजन, कमिटीवाले, माझं मागणं छोटं आहे. प्रभूभोजन, बाप्तिस्मा, क्वायर, संडेस्कूल, लग्न, दफन, याबद्दल तुमच्याकडे काय चालतं आणि काय नाही ते एका कागदावर लिहा आणि जो विचारेल त्याला पहिल्याच रविवारी द्या. सगळ्यापुढे "नाही" असेल तरी द्या, मी वाचून, जय ख्रिस्त म्हणून दुसरीकडे जाईन. आणि ज्यांना आत्ता इनबॉक्समध्ये वचनं पाठवायची घाई झालीये त्यांनी तो कागद आधी पाठवावा, रोमकर १ मला पाठ आहे.