ब्रिस्टलमधल्या पुतळ्याबद्दल खुलासा

इंग्लंडमधल्या ब्रिस्टल युनिव्हर्सिटीत हेन्रिएटा लॅक्स यांचा जो ब्राँझचा पुतळा आहे त्याचा फोटो "हेला पेशी शोधणाऱ्या कृष्णवर्णीय शास्त्रज्ञ" असं लिहून फिरतोय, तर ते चुकीचं आहे. हेन्रिएटा शास्त्रज्ञ नव्हत्या, पेशंट होत्या. 1951 मध्ये अमेरिकेत बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स हॉस्पिटलमध्ये गर्भाशयमुखाच्या कॅन्सरवर उपचार चालू असताना त्यांच्या गाठीतल्या पेशी काढून घेतल्या, त्यांना न विचारता, आणि तिथले संशोधक जॉर्ज गाय (Gey) यांच्या लॅबमध्ये त्या मरेचनात, वाढतच राहिल्या. त्याच या हेला पेशी. त्याच वर्षी 4 ऑक्टोबरला हेन्रिएटा गेल्या, वय फक्त 31. पुढे पोलिओच्या लसीच्या चाचण्यांपासून किती संशोधन त्या पेशींवर झालं, आणि घरच्यांना वीसेक वर्षं पत्ताच नाही!

म्हणून त्यांना "शास्त्रज्ञ" म्हणणं मला मान वाटत नाही, उलट संमती न घेतल्याची मूळ गोष्टच त्यात पुसली जाते. पुतळा हेलन विल्सन-रो या कृष्णवर्णीय शिल्पकार बाईंनी घडवलाय, अनावरण 4 ऑक्टोबर 2021 ला, बरोबर 70 वर्षांनी. पोस्ट टाकली असेल तर प्लीज एडिट करा.