रस्त्यालाही तपासणीची तारीख हवी

पोस्ट लांबली आहे. अर्धवट सांगून उपयोग नाही, म्हणून सगळेच लिहितो.

गोव्यात, मडकईच्या औद्योगिक वसाहतीतल्या एका कारखान्यात मी मेंटेनन्सला आहे. घर कवळ्याला. गेली 22 वर्षे सायकलनेच कामावर जातो. कवळे, रामनाथी, नागेशी, बांदोडे आणि पुढे मडकई असा माझा रस्ता. पहाटेच्या पाळीला निघालो की वाटेत पोदेर, म्हणजे सायकलवरून पाव विकणारा, भेटतो, रात्रीच्या पाळीहून परततो तेव्हा रस्त्यावर बसलेली गुरे.

आमच्याकडे प्रत्येक मशीनवर एक कार्ड लटकलेले असते. शेवटचे ग्रीसिंग कधी झाले, पट्टा कधी बदलला, पुढची तपासणी कोणत्या तारखेला, आणि खाली सही. मशीन ठणठणीत चालत असले तरी त्या तारखेला ते थांबवायचे, उघडायचे, बघायचे. माझ्या पहिल्या साहेबांनी पहिल्याच आठवड्यात बजावले होते, “बंद पडल्यावर धावत जाणारा मेकॅनिक मला नको. बंद पडू न देणारा हवा.”

हे कार्ड रस्त्याला का नाही, हा प्रश्न मला गेल्या वर्षीच्या जुलैत पडला. खरे तर 22 वर्षांपूर्वीच पडायला हवा होता.

दुसरी पाळी रात्री अकराला सुटते. त्या रात्री पाऊस कोसळत होता. आमच्या शेडमधला ओडिशाचा एक पोरगा माझ्या पुढे पन्नासएक पावलांवर सायकल मारत होता. उन्हाळ्यात रस्त्याच्या कडेने केबलसाठी चर खोदून वरवर बुजवला होता. पहिल्या पावसात माती खचली आणि डांबराच्या कडेला लांबच लांब खाच पडली. पाणी भरल्यावर ती दिसत नव्हती. मागून ट्रक आला, पोरगा कडेला सरकला, पुढचे चाक खाचेत गेले. हासळीचे हाड मोडले. ठेकेदाराकडचा कामगार, रोजंदारीचा. दीड महिना घरी बसला, आणि घरी म्हणजे एका खोलीत सहा जण.

पोरगा पडला याचे दुःख होतेच. त्याहून मनाला लागले ते हे, की तो चर आम्हा सगळ्यांना ठाऊक होता. सायकलवाले आम्ही तीसचाळीस जण रोज तिथे हँडल वळवून जात होतो. तो पोरगा आठ दिवसांपूर्वी पाळी बदलून आलेला, त्याला कोणी सांगितलेच नव्हते. आणि आमच्यापैकी एकानेही ती खाच कागदावर लिहून कोणाकडे दिली नव्हती. मशीनमध्ये असा दोष दिसला असता तर मी रजिस्टरवर लाल शाईने लिहिला असता.

म्हणून आम्ही तिघांनी रजिस्टर केले. साधी शंभर पानी वही. पहिल्या फेरीतच तिची सहा पाने भरली.

कसे केले ते सविस्तर सांगतो, कारण कोणालाही करता येईल. रस्ता दोन्ही बाजूंनी फिरायचा. जाताना जी उतरण असते ती येताना चढण होते, आणि त्याच खड्ड्याचा स्वभाव बदलतो. उतरणीवर जिथे पडायची भीती, चढणीवर तिथे मागची गाडी अंगावर यायची. जागा लिहिताना “पुलाजवळ” असे मोघम लिहायचे नाही. विजेच्या खांबाचा नंबर, कदंबा बसचा थांबा, कोणाच्या कुळागराचे (पोफळीच्या बागेचे) गेट, असे काहीतरी हलणार नाही ते लिहायचे. खोली स्टीलच्या पट्टीने मोजायची. फोटोत पट्टी दिसली पाहिजे, नाहीतर कार्यालयात फोटो बघून कोणीही म्हणेल, एवढासा तर आहे.

आणि सायकलवाल्याच्या डोळ्याने बघायचे. मोटारीतून जाणाऱ्याला रस्ता म्हणजे मधले डांबर. आमचा रस्ता कडेची दीड हाताची पट्टी. मधल्या डांबराचा नवा थर चढला की गाड्या खूश होतात. पण साइडपट्टीवर मुरूम टाकून ती डांबराच्या बरोबरीला आणली नाही, तर कडेला तीनचार बोटांची पायरी तयार होते. ट्रकला वाट द्यायला सायकल खाली उतरते, आणि तिरकी वर चढवायला गेली की चाक त्या कडेला घासत राहते, वर येत नाही. हँडल मात्र वळलेले असते. माणूस पडतो तो डांबराच्या बाजूला, म्हणजे गाडीच्या पुढ्यात. नवा गुळगुळीत रस्ता सायकलीला जुन्यापेक्षा धोक्याचा होतो तो असा. आमच्या वहीत सर्वांत जास्त नोंदी याच आहेत, खड्ड्यांच्या नाहीत.

गटारावरच्या जाळ्यांचेही तसेच. लोखंडी पट्ट्या रस्त्याच्या दिशेने बसवल्या तर मधल्या फटीत सायकलचे चाक सरळ खाली जाते. त्याच पट्ट्या आडव्या असल्या की चाक वरून निघून जाते. बहुतेक ठिकाणी जाळी उचलून फिरवून बसवायची, एवढेच काम. पैसा लागत नाही, दोन माणसे आणि एक पहार लागते.

गतिरोधकाला तर मापच ठरलेले आहे. रस्त्यांची मानके ठरवणाऱ्या इंडियन रोड्स काँग्रेसच्या मापाप्रमाणे गोल पाठीचा गतिरोधक 3.7 मीटर रुंद आणि 10 सेंटिमीटर उंच हवा, म्हणजे ताशी 25 किलोमीटरने गाडी सहज पार होते. आमच्या वाटेवरचे काही एवढे अरुंद आणि उभे आहेत की तो उंबराच वाटावा. वर पांढरा रंग नाही, जवळ दिवा नाही. पोदेराच्या सायकलीचा विचार करा. पाटल्याचे, म्हणजे पावाच्या टोपलीचे, सगळे वजन मागच्या चाकावर, त्यामुळे पुढचे चाक आधीच हलके. असा धक्का बसला की हँडल हातातून सुटते. आमच्या भागातल्या एका पोदेराला वही दाखवली तेव्हा त्याने न बघता, बोटांवर मोजून, पहाटेच्या त्याच्या फेरीतल्या सात जागा सांगितल्या. त्यातल्या तीन आमच्या वहीत नव्हत्या. आम्ही त्या वाड्यात कधी गेलोच नव्हतो.

याच कारणासाठी मला एक गोष्ट आग्रहाने मांडायची आहे. सायकलमार्ग ठरवताना हल्ली सायकलफेरीची नोंद ठेवणाऱ्या स्ट्रावासारख्या ॲपचा नकाशा पुढे केला जातो. जिथे रेघ जाड तिथे सायकलवाले जास्त. त्या रेघा खऱ्याच आहेत, पण त्या ॲप वापरणाऱ्यांच्या. रविवारी दिवाडीला आणि चोडणला जाणारे सायकलस्वार त्यात दिसतात. पोदेर दिसत नाही, रात्री अकराला वसाहतीतून निघणारा कामगार दिसत नाही, शिकवणीला जाणारी आठवीतली मुलगी दिसत नाही. रविवारच्या सायकलस्वारांबद्दल माझ्या मनात आदर आहे. त्यांच्यामुळेच सायकल पुन्हा लोकांच्या बोलण्यात आली. त्यांच्याकडे चांगले दिवे आहेत, फोन आहेत, ओपनस्ट्रीटमॅप या खुल्या नकाशावर नोंद करायचे ज्ञान आहे. त्या नकाशात रस्त्याचा पृष्ठभाग कसा आहे, दिवे आहेत की नाहीत, हे कोणालाही भरता येते. त्यांनी महिन्यातला एक रविवार फर्मागुढीहून खाली उतरून आमच्या आतल्या रस्त्यांवर घालवावा, ही मनापासून विनंती.

एक फेरी पुरत नाही, हे आम्हाला दुसऱ्या फेरीत कळले. गोव्यात वर्षाला साधारण 3000 मिलिमीटर पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक चार महिन्यांत. मे महिन्यात तपासलेला रस्ता जुलैत तोच राहत नाही. म्हणून आता तीन फेऱ्या ठरवल्या आहेत.

पहिली मेच्या शेवटी. गटारे उपसून काढलेली माती तेव्हा गटाराच्याच काठावर ढीग करून ठेवलेली असते. ती उचलली नाही तर पहिल्या पावसात अर्धी परत गटारात आणि अर्धी रस्त्यावर येते. जांभ्याचे बारीक गोल खडे वळणावर पसरले की चाकाखाली मोहऱ्या पसरल्यासारखे होते. 3 जून हा जागतिक सायकल दिन, संयुक्त राष्ट्रांनी 2018 साली जाहीर केलेला. आपल्याकडे तो बरोबर पावसाच्या तोंडावर येतो. त्या दिवशी फेऱ्या निघतात, चांगली गोष्ट आहे. त्या फेरीतल्या प्रत्येकाने वाटेतली एक जागा लिहून आणली तर गावाची यादी एका सकाळी तयार होईल.

दुसरी फेरी जुलैत, रात्री आणि पावसातच. ही सर्वांत कष्टाची आणि सर्वांत कामाची. पाणी कुठे साचते, कुठला दिवा बंद, गुरे कुठे बसतात, समोरच्या गाडीच्या प्रकाशात कुठले वळण नाहीसे होते, हे दिवसा बसून कळत नाही. गुरे रोज ठरावीक ठिकाणीच बसतात, जिथे उंच आणि कोरडे असते तिथे. म्हणजे तीही नोंद करता येते.

तिसरी फेरी चवथ, म्हणजे गणेशचतुर्थी, झाल्यावर. चवथीपूर्वी खड्डे बुजवण्याची घाई सगळीकडे असते. भर पावसात टाकलेले ठिगळ किती टिकले हे नंतर बघावे लागते. खड्ड्याच्या कडा चौकोनी कापल्या नाहीत, आतला चिखल काढला नाही, तर वरचे डांबर महिनाभरात पापुद्र्यासारखे सुटते. आणि तोवर रान माजलेले असते. रामनाथीच्या वळणांवर ऑक्टोबरात कुंपणाची झाडी एवढी पुढे येते की समोरची गाडी दहा पावलांवर आल्याशिवाय दिसत नाही. कोयत्याचे अर्ध्या दिवसाचे काम.

दुर्भाटच्या धक्क्याचे वेगळे लिहायला हवे. पलीकडच्या रासईहून फेरीबोटीने सायकल घेऊन इकडे कामाला येणारी माणसे आहेत. भरतीला बोट धक्क्याच्या वरच्या भागाला लागते, तिथे सिमेंट कोरडे आणि खरखरीत. ओहोटीला खालचा उतार उघडा पडतो. त्यावर शेवाळ, आणि बोटीचा लोखंडी पत्रा ओला. तीच बोट, तोच धक्का, पण सकाळी सुरक्षित आणि संध्याकाळी नाही. तिथल्या नोंदीपुढे आम्ही भरती-ओहोटीची वेळ लिहितो. उतार खरवडून घासणे आणि त्यावर आडव्या खाचा मारणे, एवढे झाले तरी बरेच होईल. तोवर माझे सांगणे एकच, ओहोटीला सायकलवरून उतरा आणि हातात धरून चला.

आता यादीचे पुढे काय करायचे. सर्वांत जास्त दमछाक इथे होते. एकाच आठ किलोमीटरच्या वाटेत काही तुकडा बांधकाम खात्याचा, काही पंचायतीचा, चर केबलवाल्यांचा, दिवा वीज खात्याचा. एकीकडे गेलो की दुसरीकडे बोट दाखवतात. आम्ही चौथ्या खेपेला शहाणे झालो. आता प्रत्येक नोंदीपुढे “कोणाचे” असा रकाना आहे, आणि ज्याच्या त्याच्या नोंदी वेगळ्या कागदावर काढून देतो. पोच घेतल्याशिवाय निघत नाही. तारीख आणि शिक्का.

त्या पोचेला मोल आहे. मोटार वाहन कायद्यात 2019 च्या दुरुस्तीने 198अ हे कलम आले. रस्त्याचा आराखडा, बांधकाम किंवा देखभाल ठरलेल्या मानकाप्रमाणे न ठेवल्यामुळे कोणाचा मृत्यू झाला किंवा अपंगत्व आले, तर जबाबदार यंत्रणेला किंवा ठेकेदाराला 1 लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. आणि न्यायालयाने काय पाहायचे हेही कलमातच आहे. त्यात एक मुद्दा असा की रस्त्याची ती अवस्था धोक्याची आहे हे यंत्रणेला ठाऊक होते का, किंवा ठाऊक असायला हवे होते का. आपल्या वहीतले पान शिक्का मारून आत गेले की “आम्हाला कोणी सांगितलेच नाही” हे वाक्य संपते. मला कोणाला कोर्टात खेचायची हौस नाही. काम व्हावे एवढीच इच्छा. पण गोव्यात दरवर्षी दोनशेहून अधिक माणसे रस्त्यावर मरतात, तेव्हा भीड बाळगून बसायची सोय राहत नाही.

काहीजण म्हणतात, वेगळा सायकल ट्रॅकच मागा. पणजीसारख्या ठिकाणी जरूर मागावा. आमच्या आतल्या रस्त्यांना एका बाजूला चिऱ्यांची गडगी आणि दुसऱ्या बाजूला पोफळी. दोन मीटर जागा आणायची कुठून? आणि जो ट्रॅक बांधला जाईल त्यावरही पाला पडणार, माती येणार, गाड्या उभ्या राहणार. त्यालाही कार्ड लागेलच. आहे तो रस्ता तारखेनुसार बघायची सवय आधी लागू दे.

माझी मागणी छोटी आहे. गोव्यात 191 पंचायती आहेत. प्रत्येक पंचायतीने वर्षातून तीनदा ग्रामसभेत आपल्या रस्त्यांची यादी वाचावी. मागच्या वेळचे काय झाले, काय राहिले, का राहिले. यादी करायची जबाबदारी त्या वाटेने सायकल मारणाऱ्यांवर सोपवावी, आणि त्यात एक पोदेर, एक कामगार आणि एक शाळकरी मूल असावेच. कामगार परराज्यातला आहे, मतदार नाही, म्हणून त्याचे नाव वगळू नये. रात्रीच्या त्या रस्त्याची माहिती त्याच्याइतकी कोणालाच नाही.

आमच्या वाटेवरचा हिशेब: तो केबलचा चर या मार्चमध्ये नीट दाबून, वर खडी-डांबर टाकून बुजवला गेला. ज्यांनी केला त्यांचे आभार. दोन जाळ्या फिरवून बसल्या, तीन अजून तशाच. नागेशीजवळचा गतिरोधक रंगवला, पण पावसात रंग धुतला जाईल असे दिसते. साइडपट्टीचे काहीही झालेले नाही. ओडिशाचा पोरगा परत कामावर आला आहे, आणि वहीतला “रात्र” हा रकाना आता तोच भरतो.

जुलैची फेरी पहिल्या शनिवारी, रात्री सव्वाअकराला, वसाहतीच्या गेटपासून. ज्यांना यायचे त्यांनी पुढे पांढरा आणि मागे लाल दिवा लावूनच यावे. मागच्या मडगार्डला चिकटवायच्या लाल रिफ्लेक्टर पट्ट्या माझ्याकडे वीसएक आहेत, ज्यांच्याकडे नसतील त्यांना तिथेच लावून देतो. वही प्लास्टिकच्या पिशवीत असेल.