आरामाची गाडी कुठली? आधी उतारावर लावून बघा

अण्णाला पुन्हा मोटारसायकल घ्यायची आहे, एवढं कळायचा अवकाश, साताऱ्यातल्या यवतेश्वर घाटाच्या रस्त्यावरच्या आमच्या टपरीवर दुसरा विषयच निघेना. बापूनं तर बसल्या बसल्या निकाल देऊन टाकला.

"रॉयल एनफिल्डची क्लासिक घे. साडेतीनशे. तुझी उंची, तुझं अंग, त्यावर दुसरी गाडी शोभायची नाही."

अण्णा बावन्न वर्षांचा. कॉलेजपासून त्याच्याकडं हिरो होंडाची सीडी १०० होती. मग लग्न, पोरं, स्कूटर, चारचाकी, आणि सीडी गावाकडं भावाला गेली. वीसएक वर्षं गिअरच्या दुचाकीला त्याचा हात लागलेला नाही. आता धाकटा नोकरीला लागला. वहिनींना मागं बसवून कास, बामणोली, ठोसेघर, जमलं तर वाईवरून पाचगणी, असं फिरायचं त्याच्या मनात आहे. मागणी एकच. गाडी आरामाची पाहिजे, घरी आल्यावर कंबर धरून बसायची वेळ येऊ नये.

"मग क्लासिक कशाला? एनफिल्डचीच मीटिअर घे," मास्तर म्हणाले. मास्तर कुठलीही गोष्ट आकडे पाठ करूनच बोलतात. "क्लासिकची सीट ८०५ मिलिमीटर उंच, मीटिअरची ७६५. इंजिन दोघींचं तेच, ३४९ सीसी, ओढायचा जोर २७ न्यूटन मीटर. दोन्ही पाय सपाट टेकतात, सीट रुंद, पाय पुढं सोडून निवांत बसायचं. आरामाला आणखी काय लागतं?"

"तुम्ही ती शोरूममध्ये बसून बघितली, का घाटात चालवून?" मिस्त्रीनं विचारलं. गॅरेज बंद करून तो नुकताच आला होता, हाताला अजून ग्रीस होतं. "अण्णा, सीडीवर खड्डा आला की तू काय करायचास?"

"बूड उचलायचो."

"कशाच्या जोरावर? पायाच्या. फूटरेस्ट बुडाखाली असले की पायावर भार घेता येतो. ते पुढं गेले की पाय नुसते ठेवायला राहतात. वरचं सगळं वजन माकडहाडावर, आणि खड्ड्याचा दणका सरळ मणक्यात. सपाट हायवेला ही बैठक मस्त. आपल्याकडं हायवेलासुद्धा सहापदरीच्या कामानं किती वळसे आहेत, बघतोस ना?"

मला मिस्त्रीचं पटलं. गाडी बघायला गेलेला माणूस पहिल्यांदा सीट दाबून बघतो, आणि तिथंच फसतो. मऊ सीट पहिली दहा मिनिटं छान वाटते. तासाभरानं फोम दबतो आणि खालचा पत्रा लागायला लागतो. जरा घट्ट फोम लांब पल्ल्याला बरा. पण सीटपेक्षाही मोठी गोष्ट म्हणजे हँडल, सीट आणि फूटरेस्ट यांचा त्रिकोण. हँडलपर्यंत हात पोचायला पाठ वाकवावी लागत नाही, कोपर किंचित सैल राहतं, गुडघा फार दुमडत नाही आणि पाय बुडाच्या जरासेच पुढं राहतात, अशी बैठक असेल तर साधी सीटसुद्धा चालते. हा त्रिकोण प्रत्येकाच्या उंचीला वेगळा पडतो. म्हणून बापूला जी गाडी आरामाची, ती अण्णाला असेलच असं नाही.

बापू काही ऐकेना. क्लासिकची बैठक अशीच ताठ आहे, मग नडलं कुठं, असं त्याचं म्हणणं, आणि ते खरंच होतं. तेव्हा मिस्त्री उठला.

टपरीसमोर रस्ता चांगलाच उतरता आहे. बापूची क्लासिक तोंड खाली करून लावलेली होती. "अण्णा, बस आणि मागं घे." अण्णा बसला, स्टँड काढला आणि पायानं रेटायला लागला. कडेला बारीक खडी. चपलेचा तळवा सरकायचा, गाडी वीतभर मागं यायची आणि पुन्हा तेवढीच पुढं जायची. १९५ किलो. दुसऱ्यांदा जोर लावताना हँडल थोडं वळलेलं होतं, गाडी डावीकडं कलली, आणि आम्ही चौघंही पुढं धावलो. पडली नाही. पण अण्णाच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला होता.

"वेगात असलेली गाडी वजन दाखवत नाही," मिस्त्री म्हणाला. "साठच्या स्पीडला १७० काय आणि १९५ काय. माणूस पडतो तो उभ्या गाडीवर, नाहीतर बोळात वळताना. त्यातून इतक्या वर्षांनी परत बसणारा हमखास."

"तोंड खाली करून गाडी लावायचीच नसते," बापू म्हणाला. "मागचं चाक कडेला, तोंड रस्त्याकडं. आणि अशी अडकलीच तर उतरून काढायची, टाकीला कंबर लावून."

हेही बरोबर. ही सवय अण्णानं पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी. पण मंगळवार पेठेतल्या चढाच्या बोळात समोरून टेम्पो आला की गाडी कुठं आणि कशी थांबवायची हे आपल्या हातात राहत नाही.

मास्तरांची मुलगी तेवढ्यात तिची हंटर घेऊन आली, तीही एनफिल्डचीच साडेतीनशे. तीच खडी, तोच उतार. १८१ किलोची ती गाडी अण्णानं दम लागत का होईना, पण मागं घेतली. चौदा किलोंचा फरक कागदावर किरकोळ वाटतो, पायाला मात्र तो लगेच समजला.

"पण काका, तुम्ही हंटर नका घेऊ," तिनंच सांगितलं. "मला शहरात झकास आहे. चाकं मात्र दोन्ही सतरा इंची. क्लासिकला पुढं एकोणीस, मागं अठरा. मोठं चाक खड्ड्यावरून निघून जातं, लहान चाक आत उतरतं. आणि माझी जुनी, मागचं सस्पेन्शन कडक. २०२५च्या मॉडेलला ते सुधारलंय, पण काकू मागं बसणार असतील तर सीट लहानच आहे."

मग अॅक्टिव्हाचा विषय निघाला, तो याच मुद्द्यावर मिटला. तिचं मागचं चाक दहा इंचाचं. बाजारहाटाला तिच्याइतकी सोयीची गाडी नाही, पण बामणोलीच्या रस्त्याला ते चाक सगळं अंगावर घेतं.

अण्णा मात्र वेगळ्याच गोष्टीत अडकला होता. "किक कुठंय हिला?" या गाड्यांना किक नाही हे पचवायला त्याला वेळ लागला. त्याहून महत्त्वाची गोष्ट मिस्त्रीनं काढली. सीडीला सगळे गिअर पुढं दाबायचे असत. या गाड्यांना पहिला खाली आणि बाकीचे वर. चवडा दाबला की गिअर उतरतो. यवतेश्वर घाटाच्या वळणावर अण्णाच्या पायाला जुनी सवय आठवली आणि वरचा टाकायच्या जागी खालचा पडला, तर मागचं चाक एकदम धरणार. बापूची पहिली बुलेट तर उजव्या पायात गिअर आणि डाव्या पायात ब्रेक अशी होती. नव्या गाडीवर बसल्यावर कितीतरी दिवस तो ब्रेक म्हणून गिअरच दाबायचा, हे त्यानं स्वतः सांगितलं.

ब्रेकचंही तसंच. आमच्या पिढीला पुढचा ब्रेक दाबू नको, पडशील, असंच शिकवलेलं. खरं तर थांबताना वजन पुढच्या चाकावर येतं आणि गाडी थांबवायचं बरंचसं काम पुढचाच ब्रेक करतो. एप्रिल २०१९पासून १२५ सीसीच्या वरच्या गाड्यांना, ब्रेक दाबल्यावर चाक जाम होऊ न देणारं एबीएस सक्तीचं आहे, त्यामुळं सरळ रस्त्यावर चाक लॉक व्हायची भीती पुष्कळ कमी झाली. हे अंगवळणी पडायला रिकामं मैदान आणि काही सकाळी लागतात. माझ्या मते गाडीच्या निवडीइतकंच हे महत्त्वाचं आहे, आणि अण्णाला सगळ्यांनी मिळून ते बजावलं याचं मला फार बरं वाटलं.

मास्तरांनी ट्रायम्फ स्पीड ४०० सुचवली. चाकणला बनते, हलकी आहे, ४० पीएसची ताकद. पण २२ सप्टेंबर २०२५पासून ३५० सीसीपर्यंतच्या गाड्यांचा जीएसटी २८वरून १८ टक्क्यांवर आला आणि त्यावरच्यांचा ४० झाला. अण्णाला एवढी ताकद नको आहे, मग वरचा कर कशाला भरायचा? ती बाजूला पडली.

उरली होंडाची सीबी ३५०, हायनेस म्हणतात ती. इंजिन ३४८ सीसी, म्हणजे कमी करातच. वजन १८१, पुढं एकोणीस आणि मागं अठरा इंची चाक, बैठक ताठ, क्लच हलका. अण्णाच्या डाव्या मनगटाला क्लच हलका असणं फार गरजेचं, पोवई नाक्यावरच्या गर्दीत तेच आधी दुखायला लागतं. माझं मत तिच्याकडं झुकलं. बापूचं म्हणणं, गावात क्लासिकचा पार्ट कुठंही मिळतो आणि मिस्त्री डोळे झाकून ती खोलतो. मिस्त्रीनं मान हलवली. बापूचा हा मुद्दा मला खोडता आला नाही.

या सगळ्यात वहिनींचं नाव कुणी काढलं नव्हतं. ते त्या मुलीनं काढलं. "काकू साडी नेसून एका बाजूला बसणार, का ड्रेस घालून दोन्हीकडं पाय टाकून? मागचे फूटरेस्ट किती उंच आहेत, धरायला काय आहे, हे त्यांनीच बसून सांगायला पाहिजे ना?" अण्णा गप्प झाला. घरी त्यानं अजून विचारलंच नव्हतं. दोघांच्या वजनाला मागच्या शॉकअपचं सेटिंग बदलावं लागतं, तेही बहुतेक लोक करत नाहीत. गाडी शोरूममधून जशी येते तशी वर्षानुवर्षं चालवतात आणि सीटला नावं ठेवतात. टायरमध्ये हवा ठासून भरणारेही तेच.

शेवटी ठरलं ते असं. अण्णानं आधी नवं हेल्मेट घ्यायचं, माळ्यावरचं जुनं नाही. मग पंधरा दिवस सकाळी हंटर घेऊन मैदानावर इंग्रजी आठच्या आकड्यासारखे फेरे काढायचे, पुढचा ब्रेक आणि गिअर पायात बसवायचे. त्यानंतर वहिनींना घेऊन टेस्ट राइड, आणि तीही शोरूमभोवतीचा फेरा नाही. यवतेश्वरचा घाट चढून कासच्या रस्त्यानं पुढं जाऊन परत. शोरूमवाला एवढं देत नसेल तर ओळखीतल्या कुणाची तरी सीबी मागायची.

"आणि त्या दिवशी माझी क्लासिकपण न्यायची," बापू म्हणाला. "दोन्ही एकाच घाटात चालव, वहिनींना दोन्हीवर बसव. मग त्या म्हणतील ती घे. पण आधी बसवल्याशिवाय नाही म्हणायचं नाही."

अण्णानं ते कबूल केलं.