पाऊण तास नाही ताई, कार्यक्रम जवळपास अडीच तास चालला

नमस्कार ताई,

नागपुरात धरमपेठेत आमच्या अंगणात झालेल्या गाण्याच्या बैठकीबद्दल तुम्ही इंटरनेटवर लिहिलेला अभिप्राय वाचला. पुण्याहून आलेला पाहुणा आमच्या अंगणातून नाराज होऊन गेला, याचं खरंच वाईट वाटतं. त्याबद्दल माफी मागतो. कॉफी कोमट मिळाली म्हणता, तर ती मिळाली असेल. मध्यंतर होऊन गेल्यावर आलेल्यांची कॉफी पुन्हा गरम करून द्यायला हवी होती. ते पाहतो.

पण तुमचं एक वाक्य काही केल्या मनातून जात नाही. "चारशे रुपये घेऊन पाऊण तासात गाणं गुंडाळलं, दहा वाजले की माईक बंद करून लोकांना उठवलं." एक तारा दिलात, त्याचं एवढं नाही. पण आमचं नाव शोधलं की आता सगळ्यात वर हेच वाक्य दिसतं. नागपुरात अंगणातल्या बैठकीचा हंगाम हिवाळ्यापुरताच. एप्रिल-मेमध्ये पारा 45 च्या घरात जातो, संध्याकाळीही फरशी तापलेली असते, बसणार कोण? वर्षाचं भाडं, पोरांचे पगार, सगळं या थोड्या महिन्यांत उभं करावं लागतं. म्हणून जरा सविस्तर लिहितो, राग मानू नका.

कार्यक्रम साडेसातचा होता. पत्रिकेवर, तिकिटावर आणि तुम्हाला गेलेल्या मेसेजमध्येही हीच वेळ होती. बरोबर साडेसातला तंबोरे लागले. आधी यमन राग, त्यात विलंबित म्हणजे संथ एकतालातला ख्याल आणि मग द्रुत, म्हणजे जलद. त्यानंतर एक नाट्यपद. पंधरा मिनिटांचं मध्यंतर, त्यात कॉफी आणि सांबारवडीची (कोथिंबिरीच्या वडीची) प्लेट, जी त्या चारशे रुपयांतच होती. मध्यंतरानंतर बागेश्री राग, आणि दहाला पाच मिनिटं कमी असताना शेवटची भैरवी संपली. तुम्ही आलात तेव्हा सव्वानऊ होत होते आणि बागेश्री अर्ध्यावर आला होता. म्हणजे पाऊण तास गाणं तुम्ही ऐकलंत, हे खरं. आम्ही पाऊण तासच गाणं ठेवलं होतं, हे खरं नाही. या दोन गोष्टींत फार फरक आहे ताई, आणि ज्या पोरीने त्या रात्री जीव ओतून यमन मांडला, तिच्यासाठी तर फारच.

उशीर का झाला ते तुम्हीच दारात सांगितलं होतं. आधी हनुमाननगरला ईश्वर देशमुख महाविद्यालयाच्या मैदानावर खासदार सांस्कृतिक महोत्सवाला जाऊन आलात. चांगलंच केलं, तो सोहळा पाहण्यासारखाच असतो. पण विधिमंडळाच्या हिवाळी अधिवेशनाचे दिवस, सीताबर्डीकडे मोर्चे, कुठे रस्ता बंद तर कुठे वाहतूक वळवलेली. त्या आठवड्यात हनुमाननगरहून धरमपेठेत यायला नागपूरकरालाही तास तास लागून राहिला होता. आम्हाला एक फोन केला असता तर शंकरनगर चौकापर्यंत मेट्रोने या, पार्किंग शोधत फिरू नका, एवढं तरी सांगितलं असतं.

आता दहाचा मुद्दा. तुम्ही लिहिलंय की दुसरीकडे अकरापर्यंत चालतं, मग यांनाच काय धाड भरली? ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे आहेत आणि सगळ्या देशाला सारखे आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा उघड्यावर ध्वनिक्षेपक लावता येत नाही. सभागृह, बँक्वेट हॉल अशा बंदिस्त जागांना आतल्या आत सूट आहे. आमचं अंगण उघडं आहे, वर कडुलिंब आणि आभाळ. सण-उत्सवांसाठी रात्री बारापर्यंत परवानगी मिळते, पण तीही वर्षातून जास्तीत जास्त पंधरा दिवस, आणि ते दिवस प्रशासन जाहीर करतं. कोणी उठून "आज माझ्याकडे गाणं आहे" म्हणून ते घेऊ शकत नाही. निवासी भागात रात्रीची मर्यादा 45 डेसिबल आहे. नुसता तबला खुलून वाजला तरी ती ओलांडली जाते.

तुमच्या पुण्यातला सवाई गंधर्व महोत्सव एकेकाळी रात्र रात्र चालायचा. तोसुद्धा या नियमानंतर दहाच्या हिशोबाने बसवावा लागला. एवढ्या मोठ्या महोत्सवाला जे चुकलं नाही, ते धरमपेठेतल्या साठ माणसांच्या बैठकीला कसं चुकेल?

आणि नियम बाजूला ठेवला तरी शेजार आहे. आमच्या कंपाउंडला लागून ज्या आजी राहतात, त्यांची खिडकी आमच्या मंचापासून हातभर अंतरावर आहे. पहिल्या बैठकीच्या आधी आम्ही त्यांना शब्द दिला होता की दहानंतर आवाज येणार नाही. त्या शब्दावरच हे अंगण चालू आहे. त्या स्वतः साडेसातला खिडकी उघडून ऐकायला बसतात.

"उठवलं" असंही लिहिलंत. कोणालाही उठवलं नाही. भैरवी झाली, माईकवाल्याने तारा गुंडाळायला घेतल्या, आणि तुमच्यातल्या एका दादांनी मंचाजवळ जाऊन आणखी एका गाण्याची फर्माईश केली. गायिकेने हात जोडून नाही म्हटलं. भैरवीनंतर पुन्हा गायचं नाही, ही रीत आमची नाही, गाण्याची आहे. त्यानंतरही साडेदहापर्यंत तुम्ही बसलात, बिछायतीवरच गप्पा मारल्या. दिवेही तोवर चालूच होते.

जागा मिळाली नाही, हेही खरं. चार जणांचं बुकिंग होतं, आलात सहा जण. तरी भिंतीकडच्या दोन खुर्च्या आत आणून दिल्या. त्या हलवताना बागेश्रीची तान चालली होती. गायिकेने डोळे उघडून एकदा तिकडे पाहिलं, तान अर्ध्यावर सोडली, षड्जावर (सा वर) येऊन थांबली आणि मग पुन्हा पहिल्यापासून उचलली. तुमच्या ते लक्षात आलं नसेल. पुढे बसलेल्या सगळ्यांच्या आलं.

अंगणातल्या प्रदर्शनातल्या चित्रांबद्दल तुम्ही एका ओळीत "भिंतीवर पोरासोरांची चित्रं" म्हणून मोकळ्या झालात. ती पोरं शासकीय चित्रकला महाविद्यालयात शिकून राहिली आहेत. प्रदर्शन सकाळी अकरापासून सगळ्यांना फुकट पाहायला असतं, विकलेल्या चित्राचे पूर्ण पैसे त्यांच्याच हातात जातात, आम्ही त्यातला एक रुपया ठेवत नाही. आणि तुमच्यापैकी कोणीतरी कॉफीचा ग्लास ज्या पांढऱ्या ठोकळ्यावर ठेवला होता, तो टेबल नव्हता. त्यावर भाजलेल्या मातीचं एक बैलाचं शिल्प होतं, ते बाजूला सरकवून ग्लास ठेवला गेला. शिल्पाला काही झालं नाही. ठोकळ्यावर मात्र तपकिरी गोल उमटला आणि दुसऱ्या दिवशी ते शिल्प करणारा पोरगा येऊन काही न बोलता रंग देऊन गेला. तुम्हाला सांगणार नव्हतो, पण तुम्ही त्याच्या कामावर लिहिलंत म्हणून सांगितलं.

शेवटी तुम्ही लिहिलंय की नागपुरात रात्रीचं काही नसतंच. हे मात्र नागपूरकर म्हणून लागलं. त्याच आठवड्यात मैदानावर रोज हजारो माणसं होती. रेशीमबागेत सुरेश भट सभागृह, सिव्हिल लाइन्सला वसंतराव देशपांडे सभागृह, लक्ष्मीनगरला सायंटिफिक सभागृह. कुठे नाटक, कुठे गझल, कुठे नाच. वसंतराव देशपांडे लहानपणी शंकरराव सप्रे यांच्याकडे गाणं शिकले ते याच शहरात. इथून पुढे पूर्वेला वडसा, गडचिरोलीकडे गेलात तर झाडीपट्टीत दिवाळीनंतर नाटक सुरू होतं ते पहाटेपर्यंत चालतं, आणि लोक थंडीत घोंगडं पांघरून बसतात. दहानंतर कुठे जायचं हे तुम्ही आमच्या पोरांना विचारलं असतं तर फुटाळा तलावावर चक्कर मारा, नाहीतर सावजीच्या झणझणीत ताटावर बसा, असं त्यांनी आनंदाने सांगितलं असतं. एकाच रात्री सगळं पाहायला निघालं की सगळंच अर्धं अर्धं पाहून होतं. आठवडा असा भरगच्च असला की आम्ही नागपूरकर आधी ठरवतो, आज कुठे पूर्ण बसायचं.

पैशाबद्दल थोडक्यात. मैदानावरचा कार्यक्रम फुकट असतो, आमचा चारशेचा, अशी तुलना केलीत. तिथे मोठं पाठबळ आहे. आमच्याकडे साठ तिकिटांतून गायिका, तबलावादक, पेटीवादक यांचं मानधन, माईकवाला, बिछायत आणि खाणंपिणं निघतं. कलाकाराला नारळ आणि शाल देऊन रिकाम्या हाताने पाठवायचं नाही, हे आम्ही सुरुवातीलाच ठरवलं होतं.

बसण्याच्या जागेचं काहीतरी चांगलं करू. उशिरा येणाऱ्यांना मध्यंतरातच आत सोडायचं का, यावर घरात बोलणं चालू आहे. वेळ तिकिटावर आणखी मोठ्या अक्षरांत टाकतो.

पुन्हा नागपूरला आलात तर साडेसातला या, समोरची जागा धरून ठेवतो आणि त्या तिकिटाचे पैसे घेणार नाही. तारे तुम्हाला द्यायचे तेवढेच राहू द्या. फक्त "पाऊण तासात गुंडाळलं" हे वाक्य दुरुस्त करता आलं तर करा. ती गाणारी पोरगी रोज ते वाचते, आणि पुढच्या बैठकीसाठी लोक फोन करून विचारून राहिले आहेत की गाणं खरंच एवढंच असतं का.